चार नंबरचा नवरा, सतरा नंबरची बायको

आमच्या देशात वर्ग उरलेले नाहीत, असं मी सारातोवच्या शाळेत अर्धं आयुष्य मुलांना शिकवत आलो आहे. औषधी झऱ्यांच्या येस्सेन्तुकीला आलं की मात्र दोन वर्ग स्पष्ट दिसतात. ज्यांच्या पोटात ॲसिड जास्त ते एक, आणि ज्यांच्या पोटात कमी ते दुसरे. जास्तवाल्यांना चार नंबरच्या झऱ्याचं पाणी. ते जेवणाच्या बऱ्याच आधी, कोमट करून, घटाघटा प्यायचं. कमीवाल्यांना सतरा नंबरचं. ते जेवणाच्या तोंडावर, एकेक घोट, तोंडात घोळवत. त्यामुळे चार नंबरवाले पाणी पिऊन बागेत ताटकळत असतात, तेव्हा सतरा नंबरवाले अंथरुणात असतात. आणि ते हातात तोटीचे पेले घेऊन ऐटीत निघतात, तेव्हा आम्ही भुकेनं त्यांच्याकडे बघत असतो.

भोजनगृहातही तेच. पहिल्या टेबलाचं, म्हणजे आमचं, सगळं जेवण चाळणीतून गाळलेलं, पांढरं आणि मुकं. रव्याची लापशी, वाफवलेला मांसाचा गोळा, ओटची खळ. दुसऱ्या टेबलाला खारवलेली हेरिंग मासळी, आंबवलेला कोबी, लिंबू पिळलेला चहा. दोन वर्गांत रोटीबेटीचा व्यवहार नाही. बेटीचा संध्याकाळी बागेत थोडाफार होतो. रोटीचा मुळीच नाही, कारण दाराशी भोजनगृहावर देखरेख करणारी ग्लाफिरा निकितिच्ना उभी असते.

त्या वर्षी सप्टेंबरात माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर प्रोखोर सावेल्येविच दुदनिक आला. वोरोनेझच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात फोरमन. आयुष्य हातोड्यांच्या आवाजात गेलेलं, त्यामुळे साधं ‘मीठ द्या’सुद्धा तीन डबे पलीकडे ऐकू जाईल असं म्हणायचा. बॅग ठेवायच्या आधीच त्यानं मला सांगून टाकलं, की आपण बायकोला घेऊन आलोय.

“एकाच महिन्यात दोघांना सॅनेटोरियमचा पास मिळाला?” मी विचारलं.

“युनियनचा चेअरमन म्हणाला, प्रोखोर, तुझं डोकं फिरलंय. समोवारच्या गावाला जाताना घरचा समोवार कोण नेतं? मी म्हटलं, मी नेतो.”

“मग वहिनी कुठायत?”

“तिसऱ्या मजल्यावर. बायकांच्या बाजूला. एक खोली द्या म्हटलं तर ती ऑफिसातली म्हणते, इथे उपचार होतात, संसार नाही.” तो खाटेवर बसला आणि खाट कुरकुरली. “तिचंही पोट धड नाही, मास्तर. पण खरं कारण ते नाही.”

खरं कारण त्यानं लगेच सांगितलं. लपवून ठेवणं त्याला येत नसे. वोरोनेझच्या सर्जननं एक्स-रेचा फोटो उजेडात धरून म्हटलं होतं: जठराचा दाह जुना आहे, आता कातडं सोलल्यासारखं झालंय. एकदा येस्सेन्तुकीला जाऊन या. पोट शांत झालं तर ठीक. नाही तर बर्फ पडायच्या आत दोन तृतीयांश कापून काढतो.

“म्हणजे एक तृतीयांश उरेल,” प्रोखोर म्हणाला. “तसं चालतं. आमच्या फ्लॅटचंही तेवढंच आम्हाला मिळालंय. त्यात आम्ही चौघं राहिलो.”

मी हसलो. तोही हसला. मग त्यानं अंगठा बरगड्यांखाली रुतवला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या नव्या लोकांनी नळी गिळली. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी एवढंच सांगतो, की उपाशीपोटी एक लाल रबरी नळी घशातून खाली सोडतात, कोबीचा रस्सा पाजतात, आणि पोटात काय चाललंय ते थोडं थोडं बाटल्यांत काढून घेतात. लोक भिंतीला लागून रांगेत बसलेले असतात, प्रत्येकाच्या ओठातून नळी लोंबत असते, डोळ्यांत पाणी असतं. इतकी समता मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

प्रोखोरला निकालाची काळजीच नव्हती. “आमचं दोघांचं एकच येणार. इतकी वर्षं एका पातेल्यातलं खातोय. ॲसिड वेगळं कुठून येईल?”

ॲसिड वेगळं आलं. त्याचं प्रमाणाबाहेर, आणि तिचं जवळजवळ नाहीच.

तो तडक डॉक्टर नेल्ली अर्शाकोव्ना यांच्या खोलीत गेला. मी पाठोपाठ गेलो, कारण माझा नंबर होताच.

“डॉक्टर, मला दुसऱ्या टेबलावर टाका.”

“का?”

“बायको तिथे आहे.”

नेल्ली अर्शाकोव्नांनी चष्मा वर केला. त्या बारीक अंगाच्या, आणि आवाज बारीक नसलेल्या. “पेशंट दुदनिक, आम्ल अर्ज करून बदलून मिळत नाही.”

“मग तिला पहिल्यावर टाका.”

“तिला पहिल्या टेबलाचं खायला घातलं तर काहीच पचणार नाही. तुम्हाला दुसऱ्याचं घातलं तर भोक पडेल. तुम्ही इथे जेवायला आलात की बरे व्हायला?”

“दोन्हीला,” तो म्हणाला. पण त्यांनी पुढच्याला बोलावलं होतं.

त्यांनी त्याला लिहून दिलं ते जवळपास आम्हा सगळ्यांनाच मिळायचं: एक दिवसाआड चिखल, मधल्या दिवशी नोवोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा विजेचा शेक, झऱ्याच्या पाण्याची आंघोळ, थोडी मालिश. आणि प्रोखोरला चिखल मानवला, हे इथे सांगायला हवं. तांबुकान तळ्याचा तो चिखल लोण्यासारखा मऊ आणि काळाकुट्ट असतो, वास कुजक्या अंड्यांचा. मेणकापडावर गरम थापून पोटाच्या खळग्यावर ठेवतात, तेवढाच पाठीवर, मग चादर, मेणकापड, घोंगडी. माणसाचं गाठोडं होतं. पहिल्याच खेपेला प्रोखोर त्या गाठोड्यात घोरायला लागला. विजेच्या शेकाला मात्र हसायचा. एक ओली पट्टी पोटावर, एक पाठीवर, आणि मधून मुंग्या चालतात. “मास्तर, मुंग्यांना पास कोण देतं?” आठवड्याभरात त्याचा अंगठा बरगड्यांखाली जायचा बंद झाला. सकाळी उठला की तो स्वतःच्या पोटावर हलकेच थाप मारायचा, गाडीचं इंजिन तपासावं तसं.

पण जेवायला बसला की सगळं मुसळ केरात.

आमचं टेबल खांबाआड. वारवारा येफिमोव्नाचं पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. बाई शिडशिडीत, पोस्टात तारा पाठवायच्या खिडकीवर काम करणारी. चेहऱ्यावर ‘पुढे बोला, शब्द कमी करा’ असा कायमचा भाव. तिच्या समोर एकच माणूस बसायचा: अवदेई कुझ्मिच, कुबानकडचा मधमाश्या पाळणारा म्हातारा. तो आल्यापासून कुणाशी बोललेला नव्हता. मुका नव्हता. बोलायचा नाही, इतकंच.

प्रोखोर चमचा लापशीत उभा करायचा आणि खांबाच्या बाजूनं मान काढायचा.

“ती जेवतेय का?”

“जेवतेय.”

“काय खातेय?”

“हेरिंग.”

“हेरिंग! आणि माझ्याकडे बघतेय का?”

“खिडकीबाहेर बघतेय.”

“म्हणजे तिला गोड लागत नाहीय,” असं म्हणून तो आपली लापशी बाजूला सारायचा. ग्लाफिरा निकितिच्ना येऊन म्हणायची, “पेशंट दुदनिक, लापशीनं काय गुन्हा केलाय?” तो म्हणायचा, “तिची काही चूक नाही, बाई. ती एकटी आहे, मीही एकटा आहे.”

संध्याकाळी बागेत ती दोघं भेटत. पण संध्याकाळी ती थकलेली असे, आणि तो दिवसभराचं साठलेलं बोलत असे. बाकांवरच्या बायका त्यांच्याकडे बघून कुजबुजायच्या. नवरा-बायको आहेत हे कळल्यावर त्यांचा विरस झाला. एक जण तर म्हणाली, “अगं बाई, तरीच म्हटलं, तो एवढा बोलतोय आणि ती हसत कशी नाहीय!”

महिन्याच्या मध्यावर नळी पुन्हा गिळायची असते. त्याच्या आदल्या दिवशी, शेकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर, मी एक व्यवहार पाहिला.

आमच्याकडे सॅनेटोरियमात उपचारांची अदलाबदल चालते. कागदोपत्री नाही, पण चालते. कुणाला आंघोळ नको असते, कुणाला विजेची भीती वाटते; दाराशी फक्त उपचारांची पुस्तिका बघतात, तोंड कोण बघतो? मालिशला तर सोन्याचा भाव. लोक मालिशसाठी चिखल देतात, वर हसून बोलतात. प्रोखोर अवदेई कुझ्मिचच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याच्या मते दबक्या आवाजात म्हणाला, “आजोबा, तुमचं ॲसिड किती?”

अवदेईनं अंगठा आणि तर्जनी जुळवून शून्य दाखवलं.

“माझ्या सगळ्या मालिशी तुमच्या. उद्या माझी नळी गिळाल?”

अवदेईनं त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या खांद्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं पेट्या उचलून तो खांदा एका बाजूला उतरला होता. त्यानं मान हलवली.

“आणि तुमची?” प्रोखोरनं विचारलं.

अवदेईनं दोन बोटं वर केली. म्हणजे दोन्ही तोच गिळणार, एक उद्या, एक परवा. मधमाश्यांच्या माणसाला कसलीच घाई नसते.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत बसलो होतो, नळी गळ्यात उतरलेली. सिस्टर फैनानं पुस्तिका उघडून हाक मारली, “पेशंट दुदनिक!” अवदेई कुझ्मिच उठला, खुर्चीत बसला, तोंड उघडलं आणि शेवई ओढावी तशी नळी गिळून मोकळा झाला. फैना म्हणाली, “वा! असे सगळे असते तर!” त्यानं मान डोलावली. मी सर्व पाहिलं. माझ्या तोंडात नळी होती, त्यामुळे मला काही म्हणायचं आहे की नाही हा प्रश्नच आला नाही.

प्रोखोरचं ॲसिड शून्यावर आलं, आणि नेल्ली अर्शाकोव्नांना आनंद झाला. हे मी टोमण्यानं म्हणत नाही. त्या दहा वर्षं चिखलावर काम करत होत्या. एवढ्या चढलेल्या पोटाचा एवढा उतार त्यांनी पाहिला नव्हता. सकाळच्या बैठकीत त्यांनी दुदनिकचं उदाहरण दिलं म्हणे. मग तर्काला धरून जे करायचं तेच केलं. चार नंबर बंद, सतरा नंबर सुरू. पहिलं टेबल बंद, दुसरं सुरू. चिखल चांगला लागू पडतोय, तेव्हा थोडा अधिक गरम.

“मास्तर, निघालो,” प्रोखोर म्हणाला. खांबामागून आपला चमचासुद्धा त्यानं सोबत नेला.

आता खांबाआडून मान काढायची पाळी माझी होती. प्रोखोर वारवाराच्या शेजारी बसला होता आणि बोलत होता. हेरिंगवर बोलत होता, हेरिंग वोरोनेझला कशी मिळत नाही त्यावर बोलत होता, सर्जनच्या मिशांवर, जावयाच्या मोटरसायकलवर, खिडकीबाहेरच्या पॉप्लरवर. ती पॉप्लरकडे बघत होती ते त्यानं पाहिलं असावं. अवदेई कुझ्मिच दोघांच्या मधून आरपार बघत कोबी चावत होता. वारवाराच्या चेहऱ्यावर तारेच्या खिडकीवरचा तो जुना भाव परत आला होता.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी प्रोखोरनं सतरा नंबर पिताना डोळे मिटले. त्या संध्याकाळी अंगठा पुन्हा बरगड्यांखाली दिसला.

“सांगून टाका डॉक्टरना,” मी म्हटलं.

“काय सांगू? एकदा सांगितलं की परत खांबाशी.”

“आणि पोटाला भोक पडलं तर?”

“ते काय, कापणारच आहेत,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. मुद्दा बिनतोड होता, फक्त शहाणपणाचा नव्हता. मी इतिहास शिकवतो. असे मुद्दे मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतरच्या चिखलाहून तो परतला तो राखाडी पडून. घाम कपाळावरून कानात उतरत होता. खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला. जेवणानंतरचा मृत तास सुरू झाला होता. त्या वेळात सॅनेटोरियमात कुणी बोलायचं नाही, चालायचं नाही, दार उघडायचं नाही. परिचारिका कॉरिडॉरच्या टोकाला बसून मोजे विणते आणि कुणी खोकला तर त्या दिशेनं बघते. मी घोंगडी डोक्यावर घेतली.

दार उघडलं. वारवारा येफिमोव्ना हातात बूट घेऊन, पायांत नुसते मोजे घालून आत आली.

“मास्तर झोपलेत?” ती कुजबुजली.

“झोपलेत,” प्रोखोर म्हणाला.

मी झोपलो होतो.

“अंगठा काढ तिथून,” ती म्हणाली. “परवापासून बघतेय. कोबी खाल्लास की अंगठा. पाणी प्यायलास की अंगठा. तुझं ॲसिड उतरलंय ना? मग हे काय आहे?”

“पोटात वायू धरलाय.”

“प्रोखोर.”

“चिखल जास्त गरम होता.”

“प्रोखोर, मी तुझं पोट तुझ्या आईपेक्षा जास्त ओळखते. ही शून्यवाल्याची कळ नाही. शून्यवाल्याला जडपणा येतो, मला येतो तो. तुला जळतंय.”

बाहेर विणायच्या सुयांचा आवाज येत होता.

“नळी कुणी गिळली?” तिनं विचारलं.

“अवदेईनी.”

“अवदेई कुझ्मिचनी?” कुजबुज किंचित चढली. “त्या दिवशी नाश्त्याला आले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाहीत. मला वाटलं, वारले की काय! माणूस सांगणार तर नाहीच. काय दिलंस त्यांना?”

“मालिश.”

“सगळी?”

“सगळी. हळू बोल, मास्तर उठतील.”

“उठू देत. अरे, डॉक्टर अवदेई कुझ्मिचच्या पोटाचं औषध तुझ्या पोटात ओतताहेत! वर गरम चिखल लावताहेत! तिकडे सर्जन सुरी घेऊन बसलाय आणि तू इथे... कशासाठी? हेरिंगसाठी?”

“तुझ्यासाठी.”

“मी मागितलं होतं?”

पुन्हा सुया. मग खाट कुरकुरली. ती बसली असावी.

“ऐक,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढलेला नव्हता. “रागवू नकोस. लग्न झाल्यापासून मी एक घास शांतपणे खाल्लेला नाही. आधी तुझी आई. मग मुलं. आणि तू कायमच. मीठ कुठाय, भाकरी कुठाय, तुला काय वाटतं वार्या, ऐकतेस ना वार्या. दिवसभर मी लोकांचे शब्द मोजते, घरी येऊन तुझे. इथे आले तर त्यांनी मला एका अशा माणसासमोर बसवलं, जो बोलतच नाही. प्रोखोर, मला हेरिंगची चव कळली. चहाची चव कळली. मी खिडकीबाहेर बघायचे आणि डोक्यात काही नसायचं. काहीसुद्धा नाही. मला वाटलं, हाच माझा उपचार. मग एक दिवस वर बघते तर तू. ताटली घेऊन. हसत.”

माझं नाक खाजत होतं, पण झोपलेला माणूस नाक खाजवत नाही.

“तू त्या दिवशी काही बोलली नाहीस,” प्रोखोर म्हणाला.

“काय बोलणार? तुझं पोट बरं झालं म्हणून आला होतास. म्हटलं, राहू दे. पोट महत्त्वाचं.”

“मला वाटायचं, तुला एकटीला गोड लागत नाही.”

“तुला लागत नाही.”

“नाही लागत.” आता त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू येत होता; हा माणूस खरोखर कुजबुजू शकतो हे मला तेव्हाच कळलं. “घास खाली जात नाही, वार्या. खांबाशी बसलो की मला ते टेबल दिसतं. सर्जनचं. तू समोर असलीस की दिसत नाही. म्हणून बोलत असतो. गप्प राहिलो की दिसतं.”

“हे तू मला सांगितलं नाहीस.”

“इतकं बोललो, त्यात सांगितलं असेन असं वाटलं.”

ती उठली. बूट जमिनीवर टाकले, एक, मग दुसरा, आणि पायांत घातले. “डॉक्टरना आणते.”

“मृत तास आहे! आणि घरी पाठवतील मला!”

“घरी पाठवलं तर मीही येते. अंगठा काढ.”

ती कॉरिडॉरमधून टाचा वाजवत गेली. परिचारिकेनं “नागरिक बाई, शांतता!” म्हटलं. त्यावर वारवारा येफिमोव्नानं जे उत्तर दिलं, त्यानं तिन्ही मजल्यांवरचा मृत तास संपला.

नेल्ली अर्शाकोव्ना आल्या. हात चोळून गरम केले, प्रोखोरचं पोट चारी बाजूंनी दाबलं, डोळ्यांच्या पापण्या उलटवल्या, शौचाचा रंग विचारला. रंग काळा नव्हता, म्हणजे आत रक्त वाहत नव्हतं. तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि मग बोलायला सुरुवात केली.

“पेशंट दुदनिक, तुम्ही माझ्या हातून एका माणसाच्या पोटावर दुसऱ्याचा इलाज करवलात. आत फोड उघडा असता आणि त्यावर हा चिखल पडला असता, तर मी तुम्हाला इथून ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं असतं आणि पुन्हा पाहिलं नसतं. बायकोसाठी म्हणे! मी बाई आहे, मला ऐकायला बरं वाटायला हवं. नाही वाटलं.”

“माझी चूक आहे.”

“चूक माझीही आहे,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या. “मला तो निकाल हवा होता. हवा असलेला निकाल परत तपासायचा असतो.” मग वारवाराकडे वळून, “तुमच्या युनियनला कळवणं माझं काम आहे.”

“कळवा,” वारवारा म्हणाली. “पण आधी काहीतरी द्या त्यांना.”

कळवलं नाही. का, ते मला माहीत नाही. सकाळच्या बैठकीत दिलेलं उदाहरण परत घेणं एका माणसासाठी पुरेसा त्रास असावा. चिखल मात्र त्या मुक्कामापुरता बंद झाला. प्रोखोर अंथरुणात पडून ओटची खळ प्यायचा. चार-पाच दिवसांनी कळ ओसरल्यावर मुंग्यांचा शेक सुरू झाला. आता तो त्यावर विनोद करत नसे. अवदेई कुझ्मिचनं राहिलेली मालिश परत केली. खोलीत आला, पुस्तिका प्रोखोरच्या उशाशी ठेवली, खांदा फिरवून दाखवला, म्हणजे फरक पडलाय, आणि निघून गेला.

मग प्रोखोर पुन्हा खांबाशी आला. ताटलीत तीच लापशी. त्यानं चमचा घेतला, ठेवला, पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. भोजनगृहाच्या दुसऱ्या टोकाला वारवारा आपली हेरिंग खात होती, पॉप्लर बघत होती, अवदेई चावत होता. तिनं सावकाश जेवण संपवलं. चहा संपवला, तळाचं लिंबूसुद्धा चोखलं. मग उठली आणि सगळं भोजनगृह ओलांडून आमच्याकडे आली.

ग्लाफिरा निकितिच्ना आडवी आली. “दुसऱ्या टेबलाच्या पेशंटना इथे जेवता येणार नाही.”

“मी जेवलेय. बसायला आलेय.”

“बसायला बागेत बाकं आहेत.”

“बाकासमोर माझा नवरा नाही.”

ग्लाफिरा निकितिच्नानं नियम आठवून पाहिला. जेवण वाटण्याचा नियम होता, जेवण्याचा होता, ताटली परत देण्याचा होता. नुसतं बसण्याचा सापडला नाही. “खुर्ची माझ्याकडून मिळणार नाही,” ती म्हणाली.

मी माझी खुर्ची दिली आणि लापशी उभ्यानं खाल्ली. पोटाला ते चांगलं नसतं.

वारवारा समोर बसली, हात मांडीवर. प्रोखोरचा चेहरा उजळला. “वार्या, तुला सांगतो, तो सिस्टरचा भाऊ...”

“खा,” ती म्हणाली. “बोलायचं नाही. मी इथेच आहे.”

त्यानं तोंड मिटलं. मग चमचा घातला. गिळायला वेळ लागला, पण गेलं. दुसराही गेला. मध्येच त्याची नजर कुठेतरी भिंतीकडे गेली आणि थांबली. काय दिसत होतं ते मला आता ठाऊक होतं. ती काही म्हणाली नाही, फक्त मिठाची वाटी बोटानं थोडी सरकवली, टेबलावर आवाज होईल इतकी. तो परत आला. ताटली रिकामी झाली.

मुक्काम संपेपर्यंत असंच चाललं. आधी ती तिकडे जेवायची, एकटी, शांत. मग इकडे येऊन बसायची. बाकांवरच्या बायकांना यातही काहीतरी सापडलं असणारच.

निघायच्या दिवशी नेल्ली अर्शाकोव्नांनी शेवटचं पोट दाबलं. आमच्याकडे सगळ्यांनाच ‘सुधारणा’ असा शेरा मिळतो, त्यामुळे कुणी तो वाचत नाही. लोक डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात.

“दुखतंय?”

“दाबल्यावर. एरवी नाही.”

“सर्जनला म्हणावं, वसंतापर्यंत सुरी बाजूला ठेवा. मार्चमध्ये फोटो काढा. चिखलाला परत या, तेव्हा स्वतःची नळी स्वतः गिळा. तोवर घरी पहिलं टेबल.”

“म्हणजे कापणार नाहीत?”

“म्हणजे वसंतापर्यंत.”

प्रोखोरनं शर्टाची बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं. वारवारानं ते काढून बरोबर लावलं.

“आमच्याकडे टेबल एकच आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “मी आधी जेवीन.”

“आणि मी?” प्रोखोरनं विचारलं.

“तू नंतर. मी समोर बसेन.”

तो थोडा वेळ विचार करत राहिला. “बोललं तर चालेल?”

तिनंही विचार केला.

“चहाच्या वेळी,” ती म्हणाली.